घासामागे तांब्या

३ जून
कोडे: एकाच हॉस्पिटलात, जठराच्या एकाच कॅन्सरच्या दोन रुग्णांना वेगवेगळी औषधे का? अख्ख्या भिसेगावात उत्तर मला एकट्याला ठाऊक. शेजारच्या सिराजला हाच आजार आहे. त्याला पद्धतशीर शिकवणार. निवृत्त विज्ञानशिक्षकाचे कर्तव्यच ते.
भाकरी पुन्हा छातीत अडकली. हिरूला सुनावले, पीठ जाड आहे. म्हणे, "पीठ तेच हाय. नरडं बदललंय तुमचं." बायको की शत्रू?

९ जून
सिराजच्या गाठीचा रिपोर्ट: हर-टू पॉझिटिव्ह. कोविडपासून 'पॉझिटिव्ह' शब्दाची धास्ती, घरात रडारड. मी फळाच मांडला. पेशीवर हर-टू नावाची कुलपे जास्त असली, तर त्यांवर नेमके बसणारे औषध केमोसोबत देता येते. म्हणजे येथे पॉझिटिव्ह ही वाट आहे. त्याची मुलगी नफिसा हसली. आभार मात्र डॉक्टरांचे मानले! कृतघ्न.

१६ जून
पाठ दुसरा, इम्युनोथेरपी. हे औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना कॅन्सरने लावलेला ब्रेक सोडवते. सर्वांना लागू पडत नाही; आधी गाठीचा तुकडा तपासावा लागतो.
नफिसाने जेवायला वाढले. सिराज मध्येच: "मास्तर, माझं ऱ्हाऊ दे. तुमी घासामागं तांब्या का लावता? माझं बी असंच सुरू झालं व्हतं."
विद्यार्थ्याने गुरुजींना तपासावे! वर्ग बंद.

२५ जून
पट्ट्याला नवे भोक पाडले. सकाळच्या फेरफटक्याचे फळ. भाकरी सोडून पेज सुरू. पचनास उत्तम. हिरूशी अबोला.

२ जुलै
पेजही अडकली. सिराज हॉस्पिटलला निघाला होता. दंड धरून मलाही गाडीत कोंबले. "बसा, आज मी शिकवतो." गुंडगिरी.

४ जुलै
दुर्बीण घातली. अन्ननलिकेच्या तळाशी, जठराच्या तोंडाशीच गाठ. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच दिसतो. तुकडा तपासायला पाठवला. हिरू देव्हाऱ्यापुढे बसली आहे: "निगेटिव्ह येऊ दे." भिंतीपलीकडून सिराज ओरडतो, "वैनी, हर-टू पॉझिटिव्ह मागा, पॉझिटिव्ह!" माझाच पाठ. चूक काढायला जागा नाही.

स्वाध्याय: जेवताना तांब्या हाताच्या पलीकडे ठेवावा. किती घासांनंतर तो ओढावा लागतो, ते मोजून खरे लिहावे.
माझे उत्तर: एक. तीन जूनला पाच होते. तेव्हाही मोजले होते.