गंधालीचा इकेबाना

रायपूर,
१६ मार्च २००४

प्रिय सुनीती,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे आता? शरच्चंद्ररावांना आमचा नमस्कार. इकडे ऊन तापायला लागलं, पण कूलरची खस अजून बदलायची आहे. यांच्या मागे लागून मी थकले.

गंधाली अजून माहेरीच कशी, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. मी म्हटलं, हाताचं प्लास्टर निघालं, आता फुलांचा क्लास लावलाय. क्लासचं खरंच आहे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून भोपाळहून कितीतरी अफसर मंडळी इथे आली. त्यांतल्याच एकांची बायको, शर्मिष्ठा दीदी, आमच्या कॉलनीत राहतात. जपानी पद्धतीनं फुलं मांडतात. इकेबाना म्हणतात त्याला. त्यांनी क्लब काढलाय, दर शनिवारी आम्ही बायका त्यांच्या व्हरांड्यात जमतो.

तुला हसू येईल. पहिल्या दिवशी मी पूजेच्या परडीसारखं गच्च भांडं भरलं. दीदींनी हसतहसत सगळं उपसून काढलं आणि तीनच काड्या ठेवल्या. एक उंच, एक मधली, एक झुकलेली. पसरट भांड्यात पाणी, तळाशी खिळ्यांची जड चकती, तिच्यात देठ रोवायचे. बस. घरी येऊन मी यांना म्हटलं, इतकं रिकामं तर आपण पाहुणे गेल्यावरही घर ठेवत नाही.

गंधालीला मी ओढतच नेलं होतं. बोटांत जोर नव्हता तिच्या. साधा शेवंतीचा देठ कापता येईना, कात्री गळून पडायची. मी पुढे झाले तर दीदी म्हणाल्या, "रहने दीजिए, उसी को करने दीजिए." डॉक्टरांनी दिलेला चेंडू कधी दाबला नाही तिनं, पण कात्री सोडली नाही. एका शनिवारी व्हरांड्याच्या त्या टोकाहून ओरडली, "आई, पेरूची फांदी कापली मी!" किती महिन्यांनी तिचा मोठा आवाज ऐकला म्हणून सांगू.

न्हाणीत घसरली, असं मी तुला सांगितलं होतं. सुनीती, ती घसरली नव्हती. सौमित्रनं हात पिरगळला. त्याआधीही मारलं होतं, तेव्हा ती आमच्यापाशीही बोलली नाही. तो तुझ्या दिराचा मुलगा, स्थळ तू सुचवलेलं, म्हणून तुला सांगायला माझी जीभ रेटेना. आणि हेही सारखं म्हणून राहिले होते, "पोरी, थोडं समजून घे. निवळेल तो."

परवा रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आमच्या क्लबचं प्रदर्शन होतं. दीदींनी मधलं टेबल गंधालीला दिलं. यांनी अभनपूरच्या रस्त्यावरून स्कूटरला बांधून पळसाची फांदी आणली होती. एक पान नाही, काळी, वाकडी, अन् टोकाला ती केशरी फुलं. गंधाली ती रोवत होती, तेवढ्यात सौमित्र आणि तुझी जाऊ दारातून आत आले. कळवलं नाही, काही नाही.

"चल, सामान भर," तो म्हणाला. "किती दिवस फुलं खोचून राहणार?"

"मले काम आहे," ती म्हणाली. मान वर केली नाही.

त्यानं तिचं मनगट धरलं. तेच. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "हात सोड, सौमित्र. हा तूच मोडला होता."

खरं सांगते, पहिल्यांदा मी कोणी कोणी ऐकलं तेच पाहिलं. लाजेनं कान तापले माझे. तुझी जाऊ म्हणाली, "चारचौघांत काय बोलते ही!" तोवर शर्मिष्ठा दीदी गंधालीजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या, शेजारची माया गेली, मग एकेक करून सगळ्याच. त्यानं हात सोडला.

हे भिंतीपाशी खुर्चीवर होते. उठले. मला वाटलं, आता पोरीला समजावतात. पण सरळ सौमित्रसमोर गेले. "जावईबापू, आमची पोट्टी येणार नाही. तुम्ही निघा." आणि दोघांना दारापर्यंत पोहोचवूनच आले.

गंधालीनं पाणी ओतलं, सांडलेलं पुसलं, आणि लोकांना फुलांबद्दल सांगू लागली. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. हेही रडले. काल दोघं वकिलाकडे जाऊन आले.

तुझ्या जावेचा फोन आलाच असेल. ती काय सांगेल ते मला ठाऊक आहे. त्या घरात तुला राहायचं आहे, तेही मला कळतं. स्थळाचा दोष तुला देत नाही, आम्हीही पाहूनच दिली होती. फक्त समेटाचा निरोप तुझ्या तोंडून येऊ नये.

पत्र लिहितेय हे गंधालीला सांगितलं. म्हणाली, "मावशीले सगळं लिही. पण ये म्हणून लिहू नको. तिले वाटलं तर ती येईल."

म्हणून 'ये' असं लिहीत नाही. कोणत्या गाडीनं निघतेस, तेवढं कळव. हे स्टेशनवर येतील.

तुझी,
प्रमोदिनीताई