कुबातचं पाणी

नारीन शहर, १९७९

४ मार्च, रविवार
फोटो क्लबात पुन्हा कुबातच्या निगेटिव्हचं कौतुक. अध्यक्षांनी फिल्म खिडकीशी धरली. म्हणाले, एक डाग नाही, शारशेन, बघून घे. मला सांगतात, बघून घे. क्लब काढला मी. हा डेअरीचा ड्रायव्हर, कॅमेरा हातात येऊन दोन वर्षं झालीत. फिल्म धुवायला त्याच्या घरी नक्की झऱ्याचं पाणी असणार. माझ्या नळाला गाळ येतो. यात त्याचं कौशल्य कुठे आलं?
संकल्प: २५ तारखेच्या प्रदर्शनात आईचा फोटो. आई यंदा सत्तरीची. कुबातची बोलती बंद झाली पाहिजे.

६ मार्च
आईचे छत्तीस फोटो काढले. एकातही हसली नाही. म्हणाली, तू कॅमेऱ्यामागून हुकूम सोडतोस, दात उपटायला बसल्यासारखं वाटतं. असो. मला भारदस्त चेहराच हवा होता.

१० मार्च, शनिवार
न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून काम. फिक्सरच्या रसायनातून काढल्यावर फिल्म अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवा, असं पुस्तकात आहे. सातव्या मिनिटाला बुरुलने दार वाजवलं. म्हणाली, मुली टॉवेल घेऊन उभ्या आहेत, आता तुमच्या फिल्मची अंघोळ पुरे. सात मिनिटं पुष्कळ झाली. पुस्तक लिहिणाऱ्याला बायको नसावी.

११ मार्च
फिल्म वाळली. चिकट. वर पांढरी भुकटी. नळाचा दोष.

१४ मार्च
आईला पुन्हा बसवलं, कुरकुरली. या खेपेला पुरता अर्धा तास धुतलं. पण पाणी बर्फासारखं, बोटं बधिर झाली, म्हणून मध्येच किटलीतलं गरम पाणी ओतलं. फिल्मवरचा थर सुरकुतला, आईच्या चेहऱ्यावर भेगाच भेगा. मी म्हटलं, ही कला आहे. बुरुल म्हणाली, सासूबाई सत्तरीच्या आहेत, या सातशेच्या दिसतायत.

१७ मार्च
कुबातकडे गेलो. सहजच. झरा नाही. नळ आमच्यासारखाच, गाळही तोच. विचारायच्या आधीच सगळं दाखवत सुटला: पाणी उकळायचं, फडक्यातून गाळायचं, फिक्सरइतकंच कोमट होऊ द्यायचं. फिल्मची टाकी भरायची, हलवायची, ओतायची. असं दहा वेळा. म्हणाला, शारशेन बाइके (दादा म्हणतो मला), एवढंच आहे, फक्त घाई करायची नाही.
उघड थाप. खरी युक्ती कोणी इतक्या सहज सांगतं का? त्याच्याकडची तळलेली बोरसोकं मात्र चांगली होती. सहा खाल्ली.

१८ मार्च
त्याची थाप उघडी पाडायला आईला तिसऱ्यांदा बसवलं आणि फिल्म त्याच पद्धतीने धुतली. चार वेळा पाणी बदललं. चौथं स्वच्छच दिसत होतं, मग पुढची सहा कशाला? थेंब वाळायची वाट कोण बघणार, दोन बोटांत धरून फिल्म निपटली. आईच्या नाकावरून आडवा ओरखडा. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत.
कुबातने मला मुद्दाम फसवलं.

२२ मार्च
ऑफिसातून आलो तर टेबलावर तीन पेले. बुरुलने कुबातला बोलावलं होतं. मला न विचारता. म्हणाली, आईंचा फोटो प्रदर्शनात लागणार म्हणून तुम्ही गल्लीभर सांगून ठेवलंय, कोणीतरी काढायला नको? तो आईला खिडकीशी बसवून तासभर तिच्याशी शेळ्यांच्या आजारांवर बोलला आणि चार फोटो काढून गेला. चारच. मी छत्तीस काढतो.
जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२५ मार्च, रविवार
प्रदर्शन. आई मधल्या भिंतीवर, डोळे मिटेपर्यंत हसतेय. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. गर्दी तिथेच. माझा एकही फोटो नाही. डाग शोधायला अगदी जवळ गेलो. नाही सापडला.
एका पाहुण्या बाईंनी विचारलं, हा कोणी काढला? मी म्हटलं, आमच्याच घरातला आहे, खिडकी माझी. मागे आई उभी होती. तिने त्या बाईंना समजावलं, हा कुबातने काढला. माझा मुलगाही काढतो हो, पण त्याचे अजून धुवायचे आहेत.