एका पंपाला किती

१४ सप्टें., गुरु.
खामगावहून खतं-औषधांच्या दुकानाचा माल आणला. येताना नांदुऱ्याला टाकी फुल. नोझल पहिल्यांदा टक् झालं की थांबायचं, हा आपला नियम. पंपवाला वैतागतो. ३१२ किमी, १६.१ लिटर. ॲव्हरेज १९.४!! चाकांत हवा ३३, एसी बंद, काचा वर, काटा साठच्या पुढे जाऊ दिला नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून थकले.
डिझेल भरतानाच दोस्त रामदासचा फोन. ट्रकांच्या आवाजात धड ऐकू येईना. म्हणे, "पेट्रोल पंप बंद हाय बे." म्हटलं, "चालूच हाय, मी इथंच उभा हावो." दोघंही हसलो. मग कामाचं. बोंडअळीचं नवं औषध, एका पंपाला किती टाकू? तीन झाकणं, सांगितलं.
मंगल म्हणते, "बायकोचा वाढदिवस ध्यानात राहात नाई तुमच्या, डिझेलचा आकडा बरा राहाते." खरं आहे.

१५ सप्टें., शुक्र.
दुपारी तीनला रामदासची सुनंदावहिनी दुकानात. पायात चप्पल नाही. "भाऊजी, गाडी काढा, हे वावरात पडले." रामदास कपाशीत पालथा. तोंडाला फेस, सदरा औषधानं भिजलेला. चौघांनी उचलून मागच्या सीटवर टाकला, डोकं वहिनीच्या मांडीवर. वडनेर ते अकोला हायवेनं, जागोजाग खोदकाम. जिथं रस्ता मिळाला तिथं ११०. वास सहन होईना म्हणून चारही काचा खाली.
दवाखान्यात घेतलं. श्वासाचं मशीन लावलं. आम्हाला बाहेर बसवलं.
येताना नांदुऱ्याला टाकी फुल. १७२ किमी, १३.६ लि. ॲ. १२.६.
वेग, उघड्या काचा, वजन, वळणरस्ते. सगळी कारणं कळतात.

१७ सप्टें., रवि.
परत अकोला. रामदास शुद्धीवर नाही. ड्यूटीवरच्या पोलीस जमादारानं वहिनीला विचारलं, "औषध काऊन घेतलं त्यानं? घरात काही झालं होतं काय?" वहिनी म्हणाली, "घेतलं नाई हो साहेब. मारू राह्यले होते. कपाशीले."
डॉक्टर म्हणाले, कातडीतून गेलेलं असू शकतं, पोटातूनही असू शकतं. कागदावर विषबाधा लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
गावात मात्र प्रश्नचिन्ह नाही. बसस्टँडवर सगळ्यांचं एकच, रामदासनं औषध घेतलं. आपल्याकडे औषध मारलं म्हटलं की कपाशी, औषध घेतलं म्हटलं की माणूस संपला.
ॲ. १५.२. एकटाच येत होतो, लोड नाही. तरी १५.२ का?

१९ सप्टें., मंगळ.
वहिनीनं कपडे आणायला सांगितलं म्हणून रामदासच्या घरी गेलो. गोठ्यात त्याचा पेट्रोलचा फवारणी पंप खुंटीला लटकलेला. मीच विकला होता मागच्या वर्षी. स्टार्टरची दोरी तुटलेली, टोक लोंबत होतं. बंद.
मग वावरात गेलो. बांधावर साधा पंप, दांडा मारायचा, प्लास्टिकचा. कोणाचा तरी मागून आणलेला. झाकणाचा वायसर गेलेला. बाजूला औषधाची बाटली, अर्ध्याच्या खाली.
दुकानात येऊन १४ तारखेचं पान काढून वाचलं.
पेट्रोल पंप बंद हाय.
तो त्याच्या पंपाचं सांगत होता. मी माझ्या पंपावर उभा होतो.
पेट्रोलचा पंप पाणी कमी फेकतो, म्हणून त्याला तीन झाकणं. साध्याला एक. साध्यात तीन टाकून, पाझरणारा पंप पाठीवर घेऊन तो छातीइतक्या कपाशीत दिवसभर फिरला. कोणत्या पंपाला, एवढं मी विचारायला हवं होतं. गिऱ्हाइकाला रोज विचारतो.
मंगलनं जेवायला हाक मारली. जेवलो. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. काही वाटलं नाही. वाटत नाही याचीच भीती वाटते.
गाडी काढली नाही आज.

२१ सप्टें., गुरु.
घट बसले. मंगलचा उपास.
अकोला. रामदास तसाच. ॲ. १४.८. सत्तरच्या पुढे गेलो नाही, मग डिझेल जातं कुठं? येताना नांदुऱ्याला रहीमभाईच्या गॅरेजला गाडी लावली. दहा वर्षं हाच माणूस माझी गाडी बघतो. एअर फिल्टर काढून झटकला, चाकं उचलून हातानं फिरवली, ब्रेक कुठं चिकटत नाही. मग म्हणाला, "चलो, मले बसवा बाजूले. तुमी चालवा."
मलकापूरच्या अंगाला चार किमी गेलो. म्हणाला, "गाडीले काही नाई झालं प्रल्हादभाऊ. पाय तुमचा क्लचवर ठेवेल हाय. रस्ता मोकळा असला तरी ठेवेल हाय. कायले भेऊन राह्यले?"
खाली पाहिलं. खरंच होता. इतकी वर्षं कधी ठेवत नव्हतो. 
टपावरचं कॅरिअर काढायला सांगत होता, वारा अडतो. माल आणायला लागतं म्हटलं.

२४ सप्टें., रवि.
आज येताना वहिनी सोबत. आंघोळ करून उद्या एसटीनं परत जाणार. बाळापूरपर्यंत डोळे मिटून होती. मग खिडकीबाहेर बघत, "सासूबाई म्हनते, तू काय बोलली त्याले थे सांग. दीर म्हनते, माहेरी जाऊन राहा थोडे दिवस. मी काहीच नाई बोलली हो भाऊजी. त्या दिवशी बेसन केलं होतं, दोनदा मागून खाल्लं त्यायनं."
मी आरशात ट्रक बघत राहिलो.
"तुमी तं आदल्या दिवशी फोनवर बोलले होते. कसे होते हे? रागात होते काय?"
"नाही. हसत होतो आम्ही."
"काऊन हसले?"
इतका सरळ प्रश्न. उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, एसी बंद करतो वहिनी, चढ आहे, गाडी ओढते. बंद केला. खामगावला उतरून तिला चहा पाजला. तिनं परत विचारलं नाही.
ॲ. १५.९. दोन माणसं, थोडा वेळ एसी. पाय क्लचवर नव्हता, लक्ष ठेवलं होतं.
लाज वाटते, हे लिहून ठेवतो.

२७ सप्टें., बुध.
दुकानात तिघं आले, बोंडअळीला काय मारू म्हणत. तिघांनाही आधी पंप कोणता ते विचारलं, दोनदा. चिठ्ठीवर लिहून दिलं. एक जण हसला, "काय राजेहो, आज मास्तरासारखे करू राह्यले."
जून महिन्यात दुकानाच्या पाटीवर मीच लिहिलं होतं, बीटी लावा, बोंडअळी विसरा. पाटी अजून आहे. रामदासनं बियाणं घेताना ती वाचून विचारलं होतं, "ॲव्हरेज काय देते बे हे?" एकरी किती पिकेल, असं. मी सांगितलं होतं, तुझ्या हातावर आहे.
पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

३० सप्टें., शनि., दसरा.
मशीन काढलं! रामदासनं डोळे उघडले. घसा बसलेला, आवाज निघत नाही. आपट्याची पानं नेली होती, त्याच्या मुठीत ठेवली. त्यानं त्यातलंच एक पान मला परत दिलं. वहिनी पदर तोंडाला लावून रडली, मोकळी.
मला रडू आलं नाही. व्हरांड्यात जाऊन हवा किती भरायची ते आठवत बसलो. पुढं ३३, मागं ३५, लोड असला तर.
ॲ. लिहायचा राहिला. पहिल्यांदाच.

५ ऑक्टो., गुरु.
सुट्टी दिली. रामदासला घरी आणला. पुढच्या सीटवर तो, मागे वहिनी आणि सामान. डॉक्टरांनी धक्के नको म्हटलं म्हणून पन्नास, कुठं पंचावन्न. टॉप गिअर, एकसारखा पाय. वारा पाठीमागून. एसी नाही, काचा बोटभर खाली.
नांदुऱ्याच्या अलीकडे वहिनीला झोप लागली. रामदास हळू आवाजात म्हणाला, "प्रल्हाद, एक इचारू काय?"
"विचार ना बे."
"मीच घेतलं असन काय रे औषध?"
मी गाडी चालवत राहिलो.
"सगये म्हनू राह्यले. दवाखान्यात म्हने, माय म्हने. मले काही आठोतच नाई. पंप पाठीवर घेतला तेवढं आठोते. मंग इतके लोक म्हनतेत तं घेतलंच असन. हिचं तोंड पाहावत नाई मले." मग, "तुले फोन केल्ता ना मी? काय बोललो होतो?"
"पंपाचं विचारत होता."
"अन् तू काय म्हटलं?"
समोर ट्रॅक्टर होता. ओव्हरटेक केला नाही. त्याच्या मागेमागेच नांदुऱ्यापर्यंत आलो. म्हटलं, "घरी गेल्यावर सांगतो. वही पाहून सांगतो." तो हसला. "तुही वही. तुले सारं वहीतच लागते." मान टेकून डोळे मिटले.
टाकी फुल. पहिल्या टकला थांबवली. १८१ किमी, ९ लिटर. ॲ. २०.१.
तीन माणसं, सामान, टपावर कॅरिअर, तरी २०.१. गाडी घेतल्यापासूनचा सगळ्यात जास्त. पंपवाला म्हणाला, "आज तं ॲव्हरेज लय देल्ला ना भाऊ." हो म्हटलं.

६ ऑक्टो., शुक्र.
वहिनीचा दीर दुकानात येऊन सांगून गेला, उद्या दहाला जमादार घरी येणार, रामदासचा जबाब घ्यायला. "तो म्हनू राह्यला, लिहा म्हनते घेतलं म्हनून, मिटवा एकदाचं. तुमी या बरं. तुमचं ऐकते तो."
मंगलला सगळं सांगितलं. १४ तारखेचं पान वाचून दाखवलं. तिनं वही हातात घेऊन स्वतः वाचलं. अक्षर अन् अक्षर लावून, बोट ठेवून. मग म्हणाली, "तीन झाकणं." आणि स्वयंपाकघरात गेली. 

७ ऑक्टो., शनि.
सकाळी सातला अंगणात गाडी धुतली. मागच्या सीटवरचा डाग साबणानंही जात नाही. मॅट उन्हात टाकले. कॅरिअरचे चारही नट काढले, कॅरिअर भिंतीला उभं केलं. टप मोकळा दिसतो. आता वारा अडायचा नाही.
मंगलनं चहा दिला. वही टेबलावर होती ती माझ्यापुढे सरकवली. १४ तारखेच्या पानाशी तिनं खुणेचा धागा घालून ठेवलाय.
साडेनऊ. जमादाराची मोटरसायकल दुकानासमोरून गेली, लवकर आलाय. गाडीची किल्ली सवयीनं खिशात टाकली, मग काढून परत खिळ्याला लावली. रामदासचं घर चार घरं सोडून आहे. तिथवर जायला गाडी लागत नाही.