न वाजवलेल्या गिटारचा भाव

ती. भाऊजींच्या सेवेशी,

मेहुण्याचा (तोच, हॉटेलात वाजवणारा) नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तिकडे ताई ठीक असणारच, तिला सवय आहे. आपले गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर मुळीच ऐकू नका. चांगली वस्तू वापरली की तिची किंमत उतरते, हे आपलंच मत.

लिहायचं कारण, बाबांच्या गिटारची पेटी काल उघडली. आपल्याला आठवत असेल, बाबा गेले त्या वर्षी ती माझ्या मांडीवर होती, मी सूर जुळवत होतो आणि आपण दारातूनच म्हणालात, खाली ठेव. घरांची किंमत ठरवणं हा आपला धंदा, त्यामुळे दिसेल त्या वस्तूकडे आपण गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघता (माझ्या लग्नात माझ्याकडेही तसंच बघितलं होतंत, असो). हातानं कोरलेली, फुगीर पोटाची, व्हायोलिनसारख्या दोन फटी असलेली जॅझ गिटार. आपण म्हणालात, असे कारागीर आता उरले नाहीत, भाव दरवर्षी चढणार, आपण निवृत्त झालात की विकायची, निम्मे ताईचे, निम्मे माझे. तोवर वाजवायची नाही, कारण ओरखडा पडला की भाव गेला. वर आपण स्वतःच्या हातानं पेटीच्या फटींवर चिकटपट्टी लावलीत, हवा लागू नये म्हणून.

तेव्हापासून मी प्लायवूडच्या गिटारवर पोट भरतो आहे. तिचा आवाज रिकाम्या डब्यात चमचा हलवल्यासारखा येतो. (मॅनेजर सांगतो, जरा हळू, लोक जेवताहेत.) बाबांची गिटार कपाटावर आणि मी कपाटाखाली, अशी आमची वर्षं गेली. आपण दरवर्षी यायचात, न उघडता पेटीवर हात ठेवायचात आणि नवा भाव सांगायचात. गेल्या सुट्टीत आपली धाकटी नुसती बघते म्हणाली, तर तिला हात धुवायला पाठवलंत आणि ती येईपर्यंत पेटी पुन्हा कपाटावर चढवलीत. पोरगी ओले हात घेऊन उभी राहिली. मी टॉवेल आणून दिला, भाव चढत होता ना.

यंदा आपण निवृत्त झालात, विकायचा हुकूम आला, म्हणून काल किंमत काढायला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं पट्टी कापून झाकण उघडलं आणि आम्ही दोघंही मागे सरकलो. कापूर आणि आंबलेलं काहीतरी, असा वास. नखांनी लाकूड खरवडू नये म्हणून तारांखाली प्लास्टिकची एक तबकडी बसवलेली असते, ती सडली होती. असलं जुनं प्लास्टिक कोंडलं की वाफ सोडतं म्हणे, आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती (चिकटपट्टी उत्तम प्रतीची होती). तारा गंजून तुटलेल्या, तारा अडकवायचा सोनेरी पत्रा हिरवा, कडेची किनार चुरा होऊन हातात आली. लाकूड जपायला बसवलेल्या तबकडीनंच सगळ्याची वाट लावली, हे ऐकताना मला आपली फार आठवण झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, "रोज वाजवली असती तर काही झालं नसतं. वारं लागलं असतं." फोटो बघून आपण शोधलेल्या गिऱ्हाइकानं जो आकडा सांगितला, तो आपल्या रक्तदाबाकडे बघून इथे लिहीत नाही.

भाऊजी, मला संताप आला आहे. तो निम्मा-निम्मा वाटता येत नाही, म्हणून सगळाच आपल्याकडे पाठवतो आहे. ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. तबकडीचे तुकडे सोबत आहेत. हा आपला वाटा. पाकीट बंद ठेवू नका.

आणखी ता. क. दुरुस्तीवाल्यानं तात्पुरत्या तारा चढवल्या. लाकूड आतून शाबूत आहे. पहिला सूर निघाला आणि बाबा शेजारच्या खोलीत आहेत असं वाटलं. पुढे मला वाजवता येईना. इतकी वर्षं त्या प्लायवूडच्या तारा दाबून डाव्या हाताची बोटं आखडली आहेत, करंगळी तर वळतच नाही (हॉटेलात तीन बोटांवर भागतं). ताईला सांगू नका.

शेवटचं. गिटार विकायची नाही. धाकटीला माझ्याकडे पाठवा. हात धुतले नाहीत तरी चालेल.