रविवारच्या सत्काराआधी

प्रिय वायऱ्या,

तुझं पत्र परवा छापखान्यात, बाइंडिंगच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं. आपल्या फुटबॉल संघाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या खेळाडूंचा सत्कार, आणि पहिला मान या ठोकळ्याला! हसूच आलं. आपण काय दिवे लावायचो ते आपल्यालाच ठाऊक. आपल्याला खेळ शिकवणाऱ्या शिंपीमास्तरांनी माझ्या जर्सीवर सहाचा आकडा उलटा शिवला, मैदानात दोन नऊ झाले, आणि तू केलेल्या फाउलसाठी पंचांनी मला बाहेर काढलं. सलग अकरा सामने हरल्यावर बाराव्यात बरोबरी झाली, तर आपण मास्तरांना खांद्यावर घेऊन नाचलो. समोरचा कप्तान बिचारा विचारत होता, "अहो, जिंकलं कोण?"

तू मात्र खरंच खेळायचास. दिवसभर शिडीवर चढून वायरी ओढायच्या आणि संध्याकाळी मैदानात हजर. पायात बॉल आला की तुला दुसरं काही दिसायचं नाही, आणि आम्हाला तू दिसायचा नाहीस.

मग तो सराव. दुसऱ्या दिवशी मोठ्या संघाची माणसं येणार होती, आपल्यातला एकच घेणार होती. तुझी नडगी मोडल्याचा आवाज पार गोलकीपरपर्यंत गेला. तुला हातगाडीवर घालून मी दवाखान्याकडे धावलो. वाटेत तूच माझी समजूत काढत होतास, "रडतोस काय येड्या, बॉलवरच तर आला होतास."

हाड जुळलं, पण शिडी कायमची सुटली. आता दुकानात बसून बल्ब विकतोस. माझे बाबा गेले तेव्हा लंगडत चार जिने चढून सगळ्यांत आधी तूच आलास. वहिनींनी आठवडाभर आमच्याकडे डबा पाठवला.

पत्रात लिहिलंयस, भाषणात हातगाडीचा किस्सा सांगणार, 'असा भाऊ मिळायला नशीब लागतं' म्हणणार. ते मला ऐकवणार नाही, म्हणून हे लिहितोय. त्या संध्याकाळी बॉल तुझ्या पायाशी नव्हता रे. तू तो आधीच पुढे ढकलला होतास. मी ते पाहिलं होतं. तरी तुझ्या पायावर आलो. उद्या तू खेळू नयेस, एवढंच डोक्यात होतं. आणि दुसऱ्या दिवशी मीही मैदानात गेलो नाही, तुझ्या खाटेशी बसून राहिलो. तू त्याचेही उपकार मानलेस. रविवारी मी येणार नाही. वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही.

ठोकळ्या