लगद्याच्या टाकीतला एक तास

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे वाचून हात आपोआप जोडले गेले. तू आजी झालीस आणि मी कामाच्या फिरतीवर असतानाच मामेआजोबा. माझे केस मागच्या वर्षीपासूनच त्या तयारीला लागले होते.

तू लिहिलंस, "यांचं कसं चाललंय ते खरं खरं कळव." तर मागच्या आठवड्यातल्या सोमवारची सकाळ सांगतो. आंघोळ उरकून मी तुझ्या मधल्या खोलीत डोळे मिटून प्रार्थनेला बसलो होतो. दूध करपल्याचा वास आला. भाऊजी स्वयंपाकघरात आहेत, बघतील, म्हणून मी उठलो नाही. वास वाढत गेला, मग घशात धूर आला. जाऊन बघतो तर भाऊजी शेगडीपासून हातभर अंतरावर पाटावर बसून बुटाची नाडी बांधत होते. पाठ शेगडीकडे. पातेल्यात काळी खरवड. मी गॅस बंद केला तसे ते दचकले.

"अरे, लक्षच नव्हतं माझं," म्हणाले.

तुझं ते जाड बुडाचं पातेलं मी पुष्कळ घासलं. पहिल्यासारखं काही झालं नाही. नवं आणून देईन.

बाकी घर ठीक आहे. कुंड्यांना पाणी मी घालतो, कारण भाऊजी एक तर विसरतात नाहीतर दोनदा घालतात. मागच्या भिंतीला ओल आली आहे. शेजारचे फिटर रोज संध्याकाळी येऊन बसतात, तुझी चौकशी करतात आणि तुझ्या हातच्या चहाची आठवण काढत माझ्या हातचा चहा पितात. मी आलो तेव्हाही कागद गिरणीचा भोंगा सकाळी वाजत होता. गिरणी बंद पडून वर्ष उलटून गेलं, पण रखवालदार भोंगा वाजवायचा आणि वसाहतीतली माणसं त्यावर उठायची, दाढी करायची. मला तो आवाज यावेळी फार खुपला.

माझ्या कामाचं तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. आज सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही निवडलेल्या घरांत जातो आणि विचारतो, गेल्या आठवड्यात काम केलं का? निदान एक तास? ज्यानं केलं तो कामावर. ज्यानं केलं नाही आणि जो शोधतो आहे तो बेकार. शोधून दमला आणि घरी बसला तो दोन्हीकडे नाही, तो आमच्या हिशेबातूनच जातो. त्यावरून जिल्ह्याजिल्ह्याचे बेकारीचे दर निघतात. शाळेत गुरुजी शेकडेवारी शिकवताना म्हणायचे, वरचा आकडा बघून हुरळू नकोस, रेघेखाली कोण कोण आहे ते आधी बघ. तीस-पस्तीस वर्षं झाली, पण कुठलाही तक्ता हातात आला की मला त्यांचा खडू दिसतो.

यंदाच्या तक्त्यात तुमच्या गावाचा दर सगळ्या विभागांत सर्वांत कमी निघाला. शेकडा दोनसुद्धा नाही. शेजारच्या जिल्ह्यात, जिथं तीन कारखाने धूर ओकताहेत, तिथं याच्या चौपट. आमच्या साहेबांना वरून शाबासकी आली. आणि त्याच आकड्याच्या आधारावर तुमच्या चौकातलं मदत केंद्र महिनाअखेरीस हलवायचं ठरलं. बिनकामाच्या माणसाला भत्ता, नवं काम शिकवणं, सगळं तिथूनच चालतं ना? जिथं बेकार नाहीत तिथं केंद्र कशाला, असं साधं गणित. तरी आकडा फारच देखणा दिसल्यामुळे पडताळणीला मला पाठवलं.

मी घरोघर फिरलो. सगळी ओळखीची माणसं, सगळी पडेल चेहऱ्याची. आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "हो, गेल्या आठवड्यात गिरणीत काम केलं." खोटं कुणी बोलत नव्हतं. गिरणीत हजेरी घेणाऱ्या टाइमकीपरनं मालकाचा निरोप वसाहतीत फिरवला आहे. गिरणी उघडेल तेव्हा जुन्या माणसांना आधी घेऊ, पण आठवड्यातून एकदा तरी जो आत येऊन राबला त्याचंच नाव राहील. मजुरी गिरणी उघडल्यावर. म्हणून पाळ्या लावल्या आहेत. एक जण आत जातो, तासभर यंत्राच्या रुळांना तेल देतो, टाकीतला लगदा लांब काठीनं ढवळतो आणि बाहेर येतो. लगदा पडून राहिला तर दगडासारखा बसतो म्हणे, मग टाकी फोडावी लागेल. मालकाची गिरणी फुकटात शाबूत राहते, माणसांचं नाव हजेरीवर राहतं आणि आमच्या तक्त्यात माणूस कामावर लागतो. त्यांचा एक तास आमच्या एका तासात किल्लीसारखा बसला.

आमच्या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे. त्या कामाचे पैसे मिळाले का, किंवा मिळणार याची खात्री आहे का? तो विचारायचाच असतो. पण इथं तो कुणी विचारत नाही, मीही नाही. दाराशी खुर्ची देऊन, कॉलर नीट करून बसलेल्या माणसाला, तुम्ही फुकट राबता का, असं कसं विचारायचं? आम्ही भिडेखातर मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाला जातो. त्या भिडेवर सगळा दर उभा होता, ताई.

दुसऱ्या दिवशी भाऊजींची पाळी होती. मी म्हटलं, मीही येतो बरोबर.

"काय मोजणीदार, आता आमच्या काठीचीपण मोजणी करणार?" म्हणाले. चेष्टा करत होते, पण मला न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. मी निघालोच.

फाटकापासूनच वास आला. अंडं कुजल्यासारखा. नाकाला रुमाल लावून मी त्यांच्या मागं गेलो. टाकीच्या छपराखाली कबुतरं पडली होती. मांजरानं मारलेली नव्हती, पिसं जागेवर होती. वर आढ्यावर एकही बसलेलं नव्हतं. भाऊजी टाकीच्या काठावरच्या फळीवर चढले, काठी घातली, ढवळू लागले. लगद्यातून मोठाले बुडबुडे वर येऊन फुटत होते. माझ्या डोळ्यांत झोंबलं, घशात कडवट झालं. मी ओरडलो, भाऊजी, खाली उतरा, वास बघा कसला येतोय.

त्यांनी वळूनही बघितलं नाही. शांतपणे म्हणाले, "वास होय? तो आधी यायचा. आता कधीच गेला."

तेव्हा मला ते दूध आठवलं.

मी त्यांना हाताला धरून खाली ओढलं. रागावले, तास भरला नाही म्हणाले. मी तिथं जास्त बोललो नाही. बाहेर आल्यावर ते तोंड धुवायला गेले, तेवढ्यात रखवालदार माझ्याजवळ आला. मला खोटं बोलायची सवय नाही, असं त्यानंच सुरू केलं. आता पुढचं वाचण्याआधी बस, ताई. ते धडधाकट आहेत, या घडीला समोरच्या खोलीत झोपले आहेत, एवढं आधी मनात धर. तू लेकीकडे गेल्यावर पंधरवड्यात भाऊजी त्या फळीवरून कोसळले होते. टाकीत नाही, बाहेरच्या बाजूला. रखवालदारानं तोंडाला ओलं फडकं बांधून त्यांना फरफटत उघड्यावर आणलं. बराच वेळ शुद्ध नव्हती. शुद्ध आल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर त्याला तुझी शपथ घातली, घरी कळता कामा नये. आणि पुढच्या आठवड्यात आपल्या पाळीला हजर.

मी तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास येतो आहे तोवर माणूस पळू शकतो. जास्त झालं की नाक मरतं आणि वाटतं, हवा स्वच्छ झाली. तिथून पुढं फार वेळ मिळत नाही. ढवळलं की तो वायू जास्तच सुटतो.

म्हणजे वसाहतीतली माणसं दर आठवड्याला, पाळी लावून, स्वतःच्या हातानं तो वर काढत होती. फिटरही त्याआधी एकदा सहज म्हणाले होते, हल्ली आत पूर्वीसारखी घाण येत नाही, बरं झालं. मी तेव्हा हो म्हटलं होतं.

तुमचं घर यंदा यादीत होतं. नातलगाचं घर आपण घ्यायचं नसतं. मी साहेबांना कळवलं, ते म्हणाले, दुसरा माणूस नाही, तूच उरक. म्हणून त्याच संध्याकाळी मी तुझ्याच टेबलाशी भाऊजींच्या समोर बसलो. तुझ्या मागच्या पत्रातली ओळ मला पाठ होती, की यांना बेकारात घालू नकोस, लेकीच्या सासरी आपण काम चालू आहे असं सांगितलंय. ती ओळ मनात ठेवूनच मी विचारायला लागलो. एक तास काम केलं का? हो. मग जोडप्रश्न विचारला. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण, पुस्तकात आहे तसा.

भाऊजी टेबलावरची तुझ्या चष्म्याची डबी उघडझाप करत राहिले.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला काय वाटतं ते लिहिता येत नाही. तुम्ही सांगायचं.

"मग लिही. नाही मिळाले. मिळणारही नाहीत." मग म्हणाले, "ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण सकाळी भोंगा झाल्यावर घरात बसायचं कसं, ते सांग."

मी लिहिलं. मग म्हटलं, आता यापुढं आत जाऊ नका. ते म्हणाले, "मी नाही गेलो तर माझी पाळी फिटरवर येईल. त्यांचं नाक माझ्याहून गेलंय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझ्या ताईला कळवू नकोस."

त्यानंतर मी सगळी घरं पुन्हा घेतली. प्रत्येक दारी जोडप्रश्न विचारला. काहींनी दार लावून घेतलं. एकानं विचारलं, तुला कुणी पाठवलं, मालकानं का? टाइमकीपर रस्त्यात आडवा आला आणि हसून म्हणाला, तुमची बहीण इथंच राहते ना, मग जरा जपून. त्याचं हसणं मला शिवीपेक्षा वाईट वाटलं. पण उत्तरं आली. तुमच्या गावाचा दर आता काय निघेल तो मी लिहीत नाही. साहेबांनी फोनवर तो ऐकला आणि म्हणाले, तुझं काहीतरी चुकलंय, नीट बघ.

मी नीट बघितलं होतं. पण तक्ता छापून यायला दोन महिने लागतात आणि फिटरची पाळी या गुरुवारी होती.

आमच्या खात्याची शपथ आहे की घराघरांतून कळलेलं दुसऱ्या खात्याला सांगायचं नाही. देवासमोर घेतलेली नसली तरी मी ती तशीच मानत आलो. रात्रभर हात जोडून बसण्याचा माझा स्वभाव, पण यावेळी प्रार्थनेत शब्दच येईनात, फक्त ती कबुतरं दिसत. शेवटी मी मनाशी एवढं ठरवलं की दारांत जे ऐकलं ते बोलायचं नाही. टाकीजवळ स्वतःच्या डोळ्यांनी जे बघितलं ते बोलायचं. शुक्रवारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेलो आणि माझ्या नावानं, माझ्या पत्त्यानं, नातं सांगून अर्ज दिला. साहेबांना हा फरक पटेल असं वाटत नाही. नाही पटला तर पुढच्या फेरीला मीही माझ्याच दारातल्या खुर्चीवर बसून उत्तर देत असेन. जोडप्रश्नासकट.

काल निरीक्षक आले. तोंडाला मुखवटे लावून दोघं आत गेले आणि लगेच बाहेर आले. फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं, लाख ओतली. वसाहत सगळी रस्त्यावर उभी होती. हजेरी संपली, नावं संपली, हे सगळ्यांना त्या कुलपावरून कळलं. टाइमकीपर दुपारच्या गाडीनं निघून गेला. फिटर संध्याकाळी आले नाहीत. आज दार उघडलं तर उंबऱ्यावर ओल्या लगद्याचा गोळा ठेवलेला होता. कुणी ठेवला ते मी शोधणार नाही. खराट्यानं लोटला, पाणी टाकलं, डाग राहिला आहे.

आज भोंगा झाला नाही. भाऊजी तरीही उठले, दाढी केली, बूट घातले आणि पाटावर बसून राहिले. माझ्याशी कालपासून बोललेले नाहीत. एवढंच म्हणाले, की मागच्या महिन्यात पडलो तेव्हाच संपलो असतो तर निदान कामावर गेलो असं म्हणाले असते लोक. हे तुला कळवू की नको यावर मी सबंध पान अडलो होतो. कळवतो. बाळंतीण उठून फिरायला लागली की तू ये.

आणखी एक. पहाटेपासून मला गिरणीचा वास येत नाही. कुलपामुळे असेल, वारा फिरला असेल. मी मघाशी मुद्दाम दूध ठेवलं, जवळ उभा राहिलो आणि ते वर येईपर्यंत डोळे मिटून थांबलो. आला वास. मग गॅस बंद केला.

तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी तुझं ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही. भाऊजींच्या नावापुढं मी माझ्या अक्षरात "बेकार" लिहिलं आहे, आणि काल त्या फाटकाला कुलूप लागलं.

तुला न विचारता हे करून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ