थोरल्या मुलीचे काम

१० जानेवारी, शनिवार
अखेर तो चित्रपट पाहिला. हॉलिवूडचा, जुना, संगीतमय. शारजातील आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्याचेच नाटक होणार आहे. मामेबहीण अस्मी दिग्दर्शिका. भाषांतर माझ्याकडे, कारण मामांच्या या घरात सलग चार ओळी शुद्ध मराठी लिहू शकणारी मी एकटीच.

चित्रपट किळसवाणा आहे. एक छोटे गाव. तेथे कोणालाही उद्योग नाही. आई बरण्या भरताना गाते, वडील दाढी करताना गातात, पोस्टमन तर पत्र हातात देण्यापूर्वी गातो. थोरली मुलगी पदवीधर होते, तरी घरात पुस्तकाचे नाव नाही; चर्चा काय, तर संध्याकाळच्या नाचाला झगा कोणता. शेजारच्या मुलाने कुंपणावरून "नाचायला येतेस?" एवढे विचारताच ही बया "हो" म्हणून मोकळी! एकदाही "नको" नाही. आमच्या गावी, औशात, अशा मुलीचे नाव वर्षभर चघळले गेले असते.

भाषांतरात हा दोष दूर करणार आहे. माझी नायिका दोनदा नकार देईल.

११ जानेवारी
अस्मीने दोन्ही नकार खोडले. म्हणाली, "ताई, इट्स अ म्युझिकल, नॉट अ कोर्ट केस."

१७ जानेवारी, शनिवार
पात्रनिवड. अस्मीने सर्वांदेखत विचारले, "ताई, थोरलीचं काम तू करतेस?"

मी रीतीप्रमाणे म्हणाले, "छे गं, नको. मला कुठे जमतंय!"

(जमते. न्हाणीघराच्या आरशापुढे तर उत्तम जमते.)

यानंतर काय व्हावे, हे कोणाही घरंदाज माणसाला सांगावे लागत नाही. "असं कसं? तूच कर!" असे दोघातिघांनी म्हणायचे असते. अस्मी म्हणाली, "ओके, नो वरीज," आणि तिने मंडळातल्या रिद्धीकडे मान वळवली. रिद्धी म्हणाली, "शुअर." खलास.

शुअर! इकडे वाढलेल्या मुलांना आग्रह म्हणजे काय हे कोणी शिकवलेलेच नाही. तथापि ते पुन्हा विचारतीलच. संकल्प: दुसऱ्यांदाही "नको" म्हणायचे. तिसऱ्यांदा, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर."

२४ जानेवारी
अद्याप कोणी विचारलेले नाही. मला ते काम हवे आहे असे मुळीच नव्हे. काम किळसवाणे आहे. सर्व संवाद पाठ झाले, ते केवळ भाषांतर तपासताना.

मला प्रॉम्प्टर केले आहे. विंगेत उभे राहून इतरांना त्यांची वाक्ये पुरवायची. शेजारच्या मुलाचे काम विघ्नेश करतो. जबल अलीच्या गोदामात नोकरी. कंपनीच्या बसमधून उतरून थेट तालमीला येतो, अंगाला पुठ्ठ्याचा वास. तरी "कुंपण" हा शब्द मान राखून उच्चारणारा या चमूत तो एकटाच.

आज जवळ येऊन म्हणाला, "हे सगळं तुम्ही लिहिलंत? भारीच की!"

मी म्हणाले, "छे, त्यात काय एवढं?"

तो विचार करून म्हणाला, "हां, तेही आहेच. गोष्ट तर त्या सिनेमावाल्यांचीच आहे ना."

३१ जानेवारी
रिद्धी प्रेमसंवाद च्युइंगम चघळत म्हणते. शिसारी आली. विघ्नेश तरीही तिच्याकडे पाहून हसतो. अभिनय असावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
रिद्धीला कांजिण्या झाल्या. मला आनंद झालेला नाही.

संध्याकाळी अस्मी माझ्या खोलीच्या दारात आली. डोळे लाल. "ताई, प्लीज, शो परवा आहे. तू करशील?"

हे दुसरे विचारणे. मी संकल्पाला जागले. म्हणाले, "नको गं, इतक्या लोकांसमोर मी..." आणि पुढचे तिने बोलावे म्हणून थांबले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता, स्मितामामी ओरडल्या, "अगं, कोणी मिळत नाहीये का? मी करू?"

त्यांना अठ्ठेचाळिसावे चालू आहे. अस्मी माझ्याकडे एक क्षण पाहत राहिली. मग म्हणाली, "यल्ला, मम्मी." (इकडे "चल"ला यल्ला म्हणतात.)

७ फेब्रुवारी, शनिवार
प्रयोग झाला. मामींनी दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या होत्या. विष्णुमामांनी पहिल्या रांगेतून शिट्टी वाजवली. किळस या शब्दाला मराठीत पुरेसा समर्थ पर्याय नाही.

मामींना दर तिसरे वाक्य आठवत नव्हते. मी विंगेतून पुरवत होते. विंगेतला दिवा गेलेला. हातातला कागद दिसत नव्हता.

मग कुंपणाचा प्रवेश आला. विघ्नेशने विचारले, "नाचायला येतेस?"

मामी गप्प. तो वाट पाहू लागला.

मी "हो" म्हणाले.

जरा मोठ्यानेच म्हटले गेले असावे, कारण विघ्नेशने विंगेकडे पाहिले. मग मामीही "हो" म्हणाल्या, आणि दोघे नाचले. टाळ्या थांबेनात.

परतताना गाडीत मामी रिबिनी सोडत म्हणाल्या, "काय गं, अंधारात घडाघडा सांगत होतीस. सगळं पाठ होतं की तुला! मग तूच का नाही केलंस काम?"

मी म्हणाले, "छे हो मामी. मला कुठे जमलं असतं!"

मामी म्हणाल्या, "तेही खरंच," आणि त्यांनी मामांना एसी वाढवायला सांगितले.